दोन हातांचा हिशेब

मनुष्य आपली कामे दोन्ही हातांनी करतो, हे विधान इतके उघड आहे की ते पडताळून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. परंतु एखाद्या कारखान्यात सुटे भाग जोडणाऱ्या कामगाराच्या मेजाजवळ थोडा वेळ उभे राहून केवळ त्याच्या हातांकडे पाहिले, तर निराळीच गोष्ट ध्यानात येते. उजवा हात उचलतो, आणतो, बसवितो, पिळतो, बाजूला ठेवतो. डावा हात मात्र बहुतेक वेळ वस्तू नुसती धरून राहिलेला असतो. म्हणजे दोन हात कामावर असले तरी खरे काम करणारा हात एकच असतो, आणि दुसऱ्याकडून आपण लाकडी चिमट्याचे अथवा लोखंडी शेगड्याचे काम करून घेत असतो. मानवी हातासारखे कुशल साधन अशा कामी खर्ची घालणे ही उधळपट्टी होय, या साध्या निरीक्षणातून हालचालींच्या अभ्यासाचे एक महत्त्वाचे अंग निर्माण झाले.

हे शास्त्र काय सांगते, आणि त्याचा उपयोग करताना आपण कोणती सावधगिरी बाळगली पाहिजे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. शास्त्र खरे आहे याविषयी माझ्या मनात शंका नाही. शंका आहे ती त्याच्या अर्धवट वापराविषयी.

या अभ्यासाचा पाया अमेरिकेतील फ्रँक गिलब्रेथ आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने घातला. फ्रँक हे मूळचे गवंडीकाम शिकलेले गृहस्थ. एक वीट बसविण्यासाठी गवंडी अठरा हालचाली करतो, असे त्यांना दिसून आले. विटा व चुन्याचा माल गवंड्याच्या पायाशी पडलेला असे आणि प्रत्येक विटेसाठी त्याला आपले सारे शरीर वाकवून पुन्हा सरळ करावे लागे. गिलब्रेथ यांनी भिंतीबरोबर उंच करता येणारी परांची तयार केली, विटा व माल हाताच्या उंचीवर आणले, विटांची चांगली बाजू आधीच वर करून रचण्याची व्यवस्था केली, आणि डावा हात वीट उचलीत असतानाच उजव्या हाताने थापीवर माल घ्यावा अशी पद्धत बसवून दिली. अठरा हालचालींच्या पाच झाल्या. फ्रेडरिक टेलर यांनी १९११ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रयोगाची हकीकत दिली असून, त्यानुसार तासाला १२० विटांच्या ठिकाणी ३५० विटा बसू लागल्या. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. गवंड्याला कोणी घाई करावयास लावली नव्हती. त्याची निरर्थक वाकवाक तेवढी थांबविली होती.

पुढे गिलब्रेथ दांपत्याने हाताच्या सर्व कामांचे सुमारे सतरा मूलघटकांत पृथक्करण केले : शोधणे, निवडणे, पकडणे, नेणे, जुळविणे, जोडणे, सोडणे इत्यादी. या घटकांना त्यांनी आपल्याच आडनावाची इंग्रजी अक्षरे जवळजवळ उलट्या क्रमाने लावून ‘थर्ब्लिग’ असे नाव दिले. या यादीत आणखी एक घटक आहे, आणि तो सहसा कोणी उद्धृत करीत नाही. तो म्हणजे थकवा घालविण्यासाठी घेतलेली विश्रांती. विश्रांती हा कामातील खंड नसून कामाचाच एक घटक आहे, असे या शास्त्राच्या जनकांचे मत होते, हे त्यावरून स्पष्ट होते.

रोजच्या व्यवहारात वापरावयाची पद्धत याहून सोपी आहे. कागदावर दोन स्तंभ आखावयाचे, एक डाव्या हाताचा व दुसरा उजव्या हाताचा. एकाच क्षणी दोन्ही हात काय करतात ते समोरासमोर लिहावयाचे, आणि प्रत्येक नोंदीपुढे चारपैकी एक खूण करावयाची : क्रिया, ने-आण, धरून ठेवणे अथवा थांबणे. तक्ता पुरा झाला की दोष आपोआप डोळ्यांपुढे येतात. ज्या स्तंभात धरून ठेवण्याच्या अथवा थांबण्याच्या खुणांची रांग लागलेली असेल, तो हात वाया जात आहे असे समजावे. वस्तू धरण्यासाठी साचा करावा, हत्यार दोरीने वर टांगून ठेवावे, यंत्राची कळ पायाने दाबता यावी, सुटे भाग उतरत्या तळाच्या डब्यांतून आपोआप बोटांपाशी यावेत, तयार माल पन्हळीतून आपल्याच वजनाने खाली जावा. असे उपाय मग सुचू लागतात. त्यांना मोठे भांडवल लागत नाही. गावातील सुतार व लोहार यांच्या मदतीने छोट्या कारखानदारालाही ते अंमलात आणता येतात.

राल्फ बार्न्स यांनी दिलेले एक उदाहरण या विषयाच्या अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. एका बोल्टवर तीन वॉशर चढवावयाचे होते : एक स्प्रिंगसारखा पकड घेणारा, एक साधा पोलादी आणि एक रबरी. जुन्या पद्धतीत कामगार डाव्या हातात बोल्ट धरी आणि उजव्या हाताने तिन्ही वॉशर एकामागून एक चढवी. नव्या पद्धतीत मेजावर एक लाकडी साचा बसविला. त्याच्याभोवती सुट्या भागांचे डबे अर्धवर्तुळात मांडले आणि साच्यात दोन खळगे केले. दोन्ही हात एकाच वेळी रबरी वॉशर सरकवीत आणून आपापल्या खळग्यात टाकीत, मग पोलादी, मग तिसरा, आणि शेवटी दोन बोल्ट वरून दाबून बसवीत. रबरी वॉशरचे भोक बोल्टाच्या जाडीपेक्षा किंचित लहान असल्यामुळे तो बोल्टाला घट्ट धरी आणि सर्व भाग एकत्र उचलले जात. एका नगाला पूर्वी सरासरी ०.०८४ मिनिट लागे, ते आता ०.०५५ मिनिट लागू लागले. म्हणजे तेवढ्याच वेळात निपज सुमारे ५३ टक्क्यांनी वाढली.

बहुतेक पुस्तके येथे थांबतात. आपण मात्र हाच हिशेब थोडा पुढे नेऊन पाहू. आठ तासांची, म्हणजे ४८० मिनिटांची पाळी धरली आणि त्याच वेगाने अखंड काम चालले असे मानले, तर जुन्या पद्धतीने सुमारे ५,७०० नग तयार होतील व नव्या पद्धतीने सुमारे ८,७००. आता हातांच्या उचली मोजू. जुन्या पद्धतीत उजवा हात प्रत्येक नगामागे तीन वॉशर उचली. दिवसाकाठी सुमारे १७,१०० उचली. डावा हात फक्त बोल्ट उचली. सुमारे ५,७०० उचली. नव्या पद्धतीत प्रत्येक हात निम्मे नग पूर्ण करतो आणि प्रत्येक नगामागे चार वस्तू उचलतो. म्हणजे प्रत्येक हाताच्या उचली सुमारे १७,५०० होतात. उजव्या हाताचे काम जवळजवळ पूर्वीइतकेच राहिले. डाव्या हाताच्या उचली तिप्पट झाल्या.

वाढलेली निपज कोठून आली, याचे उत्तर या आकड्यांत आहे. ती हवेतून आली नाही. ती डाव्या हाताने दिली. अर्थात त्याच्याकडून बोल्ट धरून ठेवण्याचे काम काढून घेतले गेले, हा मोठाच लाभ होय. स्नायू आखडून वस्तू धरून ठेवण्याने त्यातील रक्तप्रवाहाला अडथळा होतो व हात लवकर दुखू लागतो, हे आता सुविदित आहे. परंतु एका प्रकारचा शीण जाऊन त्याच्या जागी दुसऱ्या प्रकारचा शीण आला, हेही तितकेच खरे. एकच लहान हालचाल दिवसातून हजारो वेळा करणे, आणि तीही मनगट वाकवून अथवा बोटांनी जोर देऊन करणे, यामुळे कंडरा सुजतात व मनगटातून जाणारी मज्जा दाबली जाण्याचा धोका वाढतो. अशा दुखण्याची सुरुवात रात्रीच्या मुंग्यांनी होते, आणि पुढे पुढे चहाचा पेला धरणेही कठीण होते. जुन्या पद्धतीत हातांना नकळत जे विसाव्याचे क्षण मिळत, ते तक्त्यातील ‘थांबणे’ या खुणेबरोबर पुसले गेले, आणि त्यांच्या बदली काय द्यावयाचे याची नोंद तक्त्यात कोठेच नाही.

भाषांतराचे काम करणाऱ्याला येथे एका शब्दापाशी थांबावे लागते. इंग्रजी तक्त्यांत थांबलेल्या हाताला ‘आयडल’ म्हणतात. या शब्दात आळसाचा आरोप आहे. त्याचे मराठीकरण करताना ‘रिकामा’ म्हणावे, ‘मोकळा’ म्हणावे की ‘विसावलेला’ म्हणावे? हे तीन शब्द एकाच स्थितीचे वर्णन करीत नाहीत. भाग वेळेवर न आल्यामुळे थांबलेला हात रिकामा आहे. ओझे उतरलेला हात मोकळा आहे. आणि पुढल्या उचलीसाठी बळ गोळा करणारा हात विसावलेला आहे. चार खुणांच्या तक्त्यात हे तिन्ही हात एकाच खुणेखाली येतात. माझ्या मते मराठीत हा तक्ता छापताना विसाव्याला स्वतंत्र खूण दिली पाहिजे. तसे करण्यात शास्त्राचा विपर्यास नाही. उलट थर्ब्लिगच्या मूळ यादीशी इमान राखले जाईल.

बार्न्स यांच्या हालचालींच्या काटकसरीच्या नियमांतही हा विवेक आहेच. दोन्ही हातांनी काम एकदम सुरू करावे व एकदम संपवावे. दोन्ही बाहूंच्या हालचाली परस्परविरुद्ध दिशांना व समतोल असाव्यात. आणि विश्रांतीचा काळ वगळता दोन्ही हात एकाच वेळी थांबलेले नसावेत, असे ते नियम सांगतात. विश्रांतीचा अपवाद नियमातच सांगितलेला आहे. कारखान्यात पोहोचेपर्यंत नियम टिकतो व अपवाद गळून पडतो.

कामगारांचा या शास्त्रावरील अविश्वास अशाच अनुभवांतून वाढला. १९११ च्या ऑगस्टमध्ये मॅसेच्युसेट्स राज्यातील वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारात, स्टॉपवॉच घेऊन कामाची मोजणी सुरू होताच ओतकामगारांनी काम बंद ठेवले. आपल्या हालचाली कोणी पाहाव्यात यापेक्षा त्यातून निघालेल्या आकड्याचे पुढे काय होणार, ही त्यांची चिंता होती. गिलब्रेथ दांपत्याची दृष्टी निराळी होती. १९१६ साली त्यांनी थकव्याच्या अभ्यासावर स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि कामगाराची खुर्ची, प्रकाश व विश्रांतीच्या वेळा यांचा विचार केला. १९२० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पुस्तकात त्यांनी युद्धात अपंग झालेल्या सैनिकांसाठी हालचालींच्या अभ्यासाचा उपयोग सांगितला. ज्याला एकच हात उरला आहे त्यालाही काम करता यावे म्हणून मेज कसे मांडावे, हा प्रश्न त्यांना आपल्या शास्त्राचा भाग वाटला. दोन हातांचे नियम सांगणाऱ्यांनी एका हाताच्या माणसाला विसरू नये, हा धडा आपणही घेण्यासारखा आहे.

आपल्या देशात हा विषय नवा नाही. १९५८ साली राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली. त्याआधी, १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४४ व्या कलमाने उभ्याने काम करणाऱ्या कामगारांना बसण्याची सोय देण्याची तरतूद केली होती. म्हणजे निपज आणि विसावा हे दोन्ही विचार आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या अकरा वर्षांतीलच आहेत. आज नोएडा अथवा श्रीपेरुंबुदूर येथे मोबाइल फोन जोडणाऱ्या कारखान्यांत, तसेच पुण्याच्या परिसरात मोटारींचे भाग बनविणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांत, असंख्य तरुण हात अशाच हालचाली करीत आहेत. यंत्रमानव आले तरी बारीक जोडणीची पुष्कळशी कामे अद्याप बोटांवरच चालतात. म्हणून हा प्रश्न ऐतिहासिक कुतूहलाचा नाही.

विश्रांती दिली तर निपज बुडेल, असा आक्षेप घेतला जाईल. त्याचे उत्तर वरील उदाहरणातच आहे. नव्या पद्धतीत दिवसाकाठी ४८ मिनिटांची विश्रांती दिली आणि ४३२ मिनिटेच काम केले, तरी सुमारे ७,८५० नग तयार होतात. जुन्या पद्धतीच्या अखंड आठ तासांपेक्षा हे दोन हजारांहून अधिकच आहेत. विसाव्याचा खर्च पद्धतीने वाचविलेल्या वेळातूनच भागतो. मालकाच्या गल्ल्यातून वेगळे काही काढावे लागत नाही. तेव्हा अडचण पैशाची नाही, हिशेब पुरा मांडण्याची आहे.

यासाठी तीन गोष्टी आवश्यक आहेत. पहिली, दोन हातांचा तक्ता कामगाराला बरोबर घेऊन भरावा. कारण कोणता भाग बोटांना रुततो व कोणता डबा हाताच्या पल्ल्याबाहेर आहे, हे त्याच्याइतके कोणालाही माहीत नसते. दुसरी, नव्या पद्धतीचे वेळापत्रक ठरवितानाच विसाव्याची मिनिटे व कामाची अदलाबदल त्यात लिहून ठेवावी. ती मुकादमाच्या मर्जीवर सोडू नये. तिसरी, निपज वाढली तर तिचा वाटा वेतनात दिसला पाहिजे. डाव्या हाताने जे तिप्पट दिले, त्याची नोंद केवळ मालाच्या वहीत होऊन पगाराच्या वहीत न होणे न्याय्य नाही.

वाया जाणारी हालचाल थांबविणे हे उत्तम काम आहे, आणि ते शिकविणाऱ्या शास्त्राचा प्रसार आपल्या भाषांतून अवश्य व्हावा. मात्र ज्या तक्त्यात दोन्ही हातांचे प्रत्येक काम लिहिले जाते, त्याच तक्त्यात त्या हातांच्या विसाव्याचीही ओळ असली पाहिजे. तेवढी ओळ भरली गेली, तर कामगार या कागदाकडे संशयाने न पाहता तो स्वतःच हातात घेईल.