उतारा आहे, उशीर नको

ताप आला, अंग दुखले की पॅरासिटामॉलची गोळी घ्यावी, हे घरोघरी लहानथोरांना ठाऊक आहे. हीच साधी गोळी प्रमाणाबाहेर पोटात गेली तर यकृताचा नाश करते, हे थोड्यांनाच ठाऊक असते. आणि त्यावर उत्तम उतारा आहे, हे तर त्याहूनही थोड्यांना!

या विषबाधेचे स्वरूप मोठे फसवे आहे. पहिल्या दिवशी थोडी मळमळ, एखादी उलटी. कित्येकदा तेवढेही नाही. रोगी चालतो, बोलतो. घरच्यांना वाटते, संकट टळले. वस्तुतः यकृतात त्या गोळीपासून एक विषारी द्रव्य तयार होत असते. एरवी ग्लुटाथायोन त्याला निष्प्रभ करते. पण त्याचा साठा संपला की पेशी मरू लागतात. कावीळ दिसेपर्यंत दोन-तीन दिवस उलटलेले असतात.

एडिंबरोचे डॉ. लॉरी प्रेस्कॉट व त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकात दाखवून दिले की, ॲसिटिलसिस्टीन हे औषध शिरेतून दिल्यास यकृत वाचते. हे औषध ग्लुटाथायोनचा साठा भरून काढते. पहिल्या आठ तासांत ते सुरू झाले, तर यकृत बहुधा हमखास वाचते. पुढे ही खात्री कमी होत जाते. तरीही उशीर झाला म्हणून उपचार सोडू नयेत.

मग हे मोलाचे तास जातात कुठे? माझ्या मते, ते लाज आणि भीती खाऊन टाकतात. 'लोक काय म्हणतील? पोलीस येतील!' म्हणून घरातच मिठाचे पाणी पाजले जाते. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला तीव्र तणावाखालचा मानून शिक्षेपासून संरक्षण दिले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुने ३०९ कलमच उरलेले नाही. कायदा शहाणा झाला. समाज केव्हा होणार?

विद्यार्थी मित्रांनो, वसतिगृहातील सोबती 'कुणाला सांगू नकोस' म्हणाला, तर ते वचन मोडण्यातच खरी मैत्री आहे. त्याला बरे वाटत असले तरी तत्काळ रुग्णालयात न्या. गोळ्यांचे पाकीट बरोबर घ्या. तो बरा झाल्यावर जाब विचारू नका, दुःख विचारा. मन फार जड झाले तर १४४१६ या क्रमांकावर टेली-मानसची सेवा विनामूल्य मिळते. शास्त्राने उतारा शोधून ठेवला आहे. तो वेळेवर पोहोचविणे आपल्या हाती आहे.