हार सुकल्यानंतर
(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या गणपतीत आमच्या महाविद्यालयाचे जाखडी पथक मॉरिशसला जाऊन आले, हे वाचकांना ठाऊक आहेच. परत आल्यावर आमचा सत्कार झाला. नारळ, शाल आणि झेंडूचा हार मिळाला. गावात पुन्हा एकदा सत्कार झाला, तेव्हा वाडीतल्या ढोलाबरोबर देवळापर्यंत मिरवणूकही निघाली. दोन्ही ठिकाणी मला एकच प्रश्न विचारण्यात आला, ‘काय, कसे वाटले?’ आणि दोन्ही ठिकाणी मी एकच उत्तर दिले, ‘छान वाटले.’ टाळ्या झाल्या आणि कार्यक्रम संपला.

तो हार मी घरी खुंटीला अडकवून ठेवला होता. चार दिवसांनी तो सुकला. खरा प्रवास त्यानंतर सुरू झाला असे मला वाटते, आणि त्याविषयी चार शब्द लिहावेत म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिला. वडील कलमांच्या बागेत राखणीला असतात, आई दुसऱ्यांच्या शेतावर जाते. मुंबईत काका आहेत म्हणून मुंबई दोनदा पाहिली होती. आमच्या गावाहून मुंबईला रातराणीने दहा तास लागतात. मुंबईहून मॉरिशसला विमानाने साडेसहा तास. आजीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मंग मुंबयच लांब म्हनायची!” ऐन गणपतीत, सारे चाकरमानी कोकणात उतरत असताना, मी मात्र कोकण सोडून निघालो होतो. आईला ते मुळीच रुचले नव्हते.

मॉरिशस हा देश आकाराने आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढा. १९६८ साली तो स्वतंत्र झाला. आपली माणसे तिथे कशी गेली, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल, मलाही नव्हते. १८३४ पासून ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून मजूर करारावर उसाच्या मळ्यांत नेले. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपयांच्या घरात. जवळजवळ साडेचार लाख माणसे त्या बेटावर उतरली. त्यांतले बहुतेक बिहारकडचे. पण काही मुंबई बंदरातून चढलेले, आपल्या कोकणातले. पोर्ट लुई बंदरात जिथे त्यांना उतरवून घेत, त्या जागेला आज ‘आप्रवासी घाट’ म्हणतात. २००६ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. तिथल्या दगडी पायऱ्या मी पाहिल्या. प्रत्येक मजुराला क्रमांक दिला जाई. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ती दप्तरे आजही जपून ठेवली आहेत, आणि लोक तिथे येऊन आपल्या खापरपणजोबांचा क्रमांक शोधतात. कित्येक घरांत पूर्वजाचे नावच पुढे आडनाव झाले. बाबाजी, बापू अशी आडनावे ऐकून आम्हाला प्रथम हसू आले, पण त्यामागचे कारण समजल्यावर ते मावळले.

गणेशचतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. आपल्या जाखडीला ते ‘झाकरी’ म्हणतात. आम्ही चाळ बांधून गोल धरला तेव्हा एक म्हातारी पुढे येऊन बसली होती. कार्यक्रम संपल्यावर तिने मला विचारले, “तुजा गाव कंचा?” माझी आजी बोलते अगदी तसेच. मित्रहो, महाविद्यालयात आल्यापासून दीड वर्ष मी हाच ‘कंचा’ तोंडातून निसटू नये म्हणून जपत होतो. वर्गात एकदा तो निसटला, तेव्हा हशा पिकला होता. जो शब्द मी इथे लपवीत होतो, तो त्या माणसांनी समुद्रापलीकडे चार-पाच पिढ्या सांभाळला होता. मी तिला गाव सांगितले. तिला ते माहीत नव्हते. पण तिने माझा हात बराच वेळ सोडला नाही.

तिथे सारेच सोन्याचे आहे असे नाही. त्या आजीची नातवंडे क्रिओल बोलतात. मराठी त्यांना शाळेच्या तासाला भेटते आणि तास संपला की बाकावरच राहते. उसाला पूर्वीचे दिवस राहिले नाहीत, आणि शिकलेली मुले परदेशी जाण्याची स्वप्ने पाहतात. एका मुलाने मला विचारले, “मुंबईत नोकरी मिळते का?” मी त्याला काय सांगणार?

पण एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. तिथे २००५ सालापासून विद्यार्थ्यांना बसप्रवास मोफत आहे. ओळखपत्र दाखवायचे आणि चढायचे. एका संध्याकाळी सहाच्या सुमारास आम्ही थांब्यावर उभे होतो. विद्यापीठातून परतणाऱ्या मुली गप्पा मारीत बसमधून उतरल्या आणि घरोघर निघून गेल्या. घटना एवढीच. माझ्याबरोबरच्या मित्रांनी समुद्राची छायाचित्रे काढली. मी त्या बसकडे पाहत राहिलो.

असो. आता परत आल्यानंतरची हकीकत. पहिला महिना मला एक रोग जडला होता. त्याला मी ‘तिकडे’ रोग म्हणतो. ‘तिकडे रस्त्यावर कागद दिसत नाही’, ‘तिकडे गाडी वेळेवर येते’, ‘तिकडे कोणी भोंगा वाजवीत नाही’. उपाहारगृहात मित्रांनी एकदा बोटांवर मोजून दाखवले : एका चहात मी अकरा वेळा ‘तिकडे’ म्हणालो होतो! माझे नाव ‘मॉरिशसवाला’ पडले. घरी मी पडवीतल्या चिखलावर कुरकुर केली. वडील काही बोलले नाहीत. रात्री जेवताना मात्र हळूच म्हणाले, “आता आमचा घर तुला आवाडनार नाय.” मला ताटावरून उठावेसे वाटले, इतके ते लागले.

वर्गातही मन लागेना. आम्ही गेलो त्या काळात अंतर्गत चाचणी होऊन गेली होती. तिच्या फेरपरीक्षेसाठी तीन खिडक्यांवर तीन अर्ज द्यावे लागले. ज्यांनी आम्हाला हार घातले त्यांनाच ‘आपण कोणत्या कारणाने गैरहजर होतात’ हे लेखी कळवावे लागले. याचा मला राग आला, पण तो फार दिवस टिकला नाही. कारण त्याहून मोठी गोष्ट घरात घडली होती आणि ती मला फार उशिरा दिसली.

माझी धाकटी बहीण यंदा बारावी झाली. एकाहत्तर टक्के गुण मिळाले. तिने महाविद्यालयात नाव घातलेले नाही. बारावीपर्यंत मुलींना सवलतीचा मोफत पास असतो. पुढे पैसे भरावे लागतात. पण पैसे हे अर्धेच कारण. आपले शेवटचे तास पाच वाजता सुटतात आणि आमच्या बाजूची शेवटची गाडी साडेचारला सुटते. आम्ही मुलगे वडापने फाट्यापर्यंत येतो आणि पुढे सहा किलोमीटर चालतो. मुलीला तिन्हीसांजेला त्या रानातून कोण चालू देईल? म्हणून ‘बघू पुढच्या वर्षी’ असे ठरले.

एक दिवस मी पडवीत बसून शेजाऱ्यांना तिकडच्या मोफत बसचे वर्णन रंगवून सांगत होतो. बहीण भांडी घासत होती. मान वर न करता ती म्हणाली, “तिकडच्या गाडीचं एवढं सांगतोस दादा, आपल्या गाडीचं कोण सांगणार?”

मी गप्प झालो. त्या रात्री मी हिशेब मांडला. प्रवासखर्चातले पंधरा हजार आमच्या घराच्या वाट्याला आले होते. वडिलांनी ते जूनमध्ये उसने घेऊन भरले. त्याच जूनमध्ये बहिणीच्या प्रवेशाची मुदत होऊन गेली. कोणी ठरवून तिचे नुकसान केले नाही. मुलगा विमानात बसणार या आनंदात तिचा प्रवेश कोणाच्या लक्षातच राहिला नाही, आणि ज्यांच्या राहिला नाही त्यांत मीही आहे. ढोलाच्या मिरवणुकीत मी पुढे चालत होतो तेव्हा ओवाळणीचे तबक तिच्याच हातात होते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. एके काळी समुद्र ओलांडून आलेल्याला प्रायश्चित्त घ्यावे लागे. आज त्याचा सत्कार होतो. वरकरणी ही प्रगती आहे आणि ती मी नाकारीत नाही. पण दोन्हींत एक साम्य आहे. प्रायश्चित्त घेतले की माणूस पुन्हा पहिल्यासारखा झाला असे समजत. हार घातला की आपणही तसेच समजतो. तो काय पाहून आला, त्याला इथे काय खुपते आहे, हे ऐकून घेण्याची गरज ना तेव्हा वाटे, ना आज वाटते.

आपल्या इतिहासात परत आलेल्यांची उदाहरणे थोडी नाहीत. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डला शिकले आणि परत येऊन १९०६ मध्ये त्यांनी अस्पृश्यतेच्या प्रश्नासाठी मिशन उभे केले. डॉ. आंबेडकर कोलंबिया आणि लंडन येथे शिकून १९१७ साली बडोद्यास रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. परदेशाने ज्याला विद्वान मानले त्याला घरच्या गावाने उंबरा दाखवला नाही. आम्ही त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही, याची मला जाणीव आहे. पण त्यांच्याकडून एवढे तरी शिकावे, की परत येणे म्हणजे पूर्वीच्या जागेवर गुपचूप जाऊन बसणे नव्हे.

काही मित्र म्हणतात, बारा दिवसांच्या सहलीचा एवढा बाऊ कशाला? गेलास, नाचलास, आलास. त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. बारा दिवसांत देश कळत नाही. मात्र बारा दिवस बाहेर राहिल्यावर स्वतःचे घर वेगळे दिसू लागते, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो. ‘तिकडे’ रोगाला उतार पडल्यावर दुसरा एक रोग होतो, आणि तो अधिक वाईट : सारे विसरून जाण्याचा. आपण पुन्हा साडेचारच्या गाडीला ‘असेच चालायचे’ म्हणू लागतो आणि लोक म्हणतात, पोरगा रुळला! अशा रुळण्याला मी भितो.

म्हणून प्राध्यापकवर्गाला आणि विद्यार्थी मित्रांना माझी एक नम्र सूचना आहे. यापुढे आपल्यातला कोणी परदेशी गेला, तर परत आल्यावर त्याला हार घालू नका. त्याला एक तास द्या. फळ्यापाशी उभा करा आणि प्रश्न विचारा. तिथे विद्यार्थी घरी कसे जातात? फी किती? मुली कुठवर शिकतात? आणि त्याच्यावर किती पैसे खर्च झाले, ते कोणी दिले, हेही विचारा. त्याला उत्तरे आली नाहीत तर पुढचा तरी डोळे उघडे ठेवून जाईल. चाचणीचे काय करायचे हे जाण्यापूर्वीच ठरवावे, हे ओघाने आलेच.

मी स्वतः काय केले, असे कोणी विचारील. आमच्या बाजूच्या तेवीस विद्यार्थ्यांच्या सह्या घेऊन शेवटची गाडी सहा वाजता सोडावी असा अर्ज संबंधित कार्यालयात दिला आहे. ‘विचाराधीन आहे’ असे उत्तर मिळाले. दर पंधरवड्याला आम्ही दोघे-तिघे जाऊन विचारून येतो. तिथले लिपिक आता आम्हाला नावाने ओळखतात. सह्यांच्या कागदावर चोविसावी सही माझ्या बहिणीची आहे. ती विद्यार्थिनी नाही म्हणून ती मोजणीत धरलेली नाही.

पुढच्या जूनला सात महिने आहेत. पंधरा हजारांपैकी नऊ अजून फिटायचे आहेत. दिवाळीच्या सुट्टीत मी एका दुकानात काम धरले आहे. गाडी सहाची होवो अथवा न होवो, बहिणीचे नाव घालायचे असे घरात ठरवून घेतले आहे. गाडी न झाल्यास तिच्याबरोबर फाट्यापासून सहा किलोमीटर मी चालेन. पण मी तृतीय वर्ष होऊन बाहेर पडल्यावर तिच्याबरोबर कोण चालणार, याचे उत्तर माझ्यापाशी नाही. ते आपण सर्वांनी मिळून शोधावे, एवढ्यासाठीच हे लिहिले.