स्मरणाच्या आधी अवधान

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की मध्यमवर्गीय घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. मुलगा किंवा मुलगी तासन् तास पुस्तक घेऊन बसते, पण केलेले काही लक्षात राहत नाही. तक्रार खोटी नसते. तिच्यावर शोधले जाणारे उपाय मात्र बहुधा चुकीच्या दिशेचे असतात. कोणी स्मरणशक्तीचे चूर्ण आणतो, कोणी 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'च्या वर्गाला हजारो रुपये मोजून मुलाला डोळ्यांवर पट्टी बांधून रंग ओळखायला पाठवतो. यातील काही दुकाने आपल्याच परंपरेचे नाव पाटीवर लावून चालतात, ही अधिक खेदाची बाब आहे. ऋषिमुनींच्या नावाने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पुडीत ऋषींचे ज्ञान असतेच असे नाही, हे आपण स्पष्टपणे म्हटले पाहिजे. आपण म्हटले नाही तर इतर म्हणतील आणि पुडीबरोबर परंपरेलाही झोडपतील.

या सर्व उपायांमागे एक गृहीत आहे. स्मरणशक्ती ही धान्याच्या कणगीसारखी वस्तू असून कोणाची लहान, कोणाची मोठी असते, असे ते गृहीत. आपली भाषा याहून शहाणी आहे. मराठीत गोष्ट 'लक्षात' राहते. जेथे लक्ष नव्हते, तेथे राहायचे काय? विद्यार्थ्याची अडचण बहुतेक वेळा स्मरणाची नसून अवधानाची असते, आणि त्याहून नेमके सांगायचे तर आपले मन या क्षणी कोठे आहे व आपल्याला खरोखर काय येते, याची जाणीव नसण्याची असते.

न्यायदर्शनाने या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केला आहे. एकाच क्षणी दोन ज्ञाने उत्पन्न होत नाहीत, हीच मनाच्या अस्तित्वाची खूण, असे गौतमांचे प्रतिपादन आहे. डोळे, कान, त्वचा सारे एकाच वेळी उघडे असले तरी मन अणुरूप असल्याने एका वेळी एकाशीच जोडले जाते. मग आपण वाचता वाचता गाणेही ऐकतो, हे कसे? त्याचे उत्तर सूत्रकारांनी जळत्या कोलिताच्या दृष्टान्ताने दिले आहे. कोलीत वेगाने फिरवले की अग्नीचे अखंड वर्तुळ दिसते. प्रत्यक्षात ज्योत एका क्षणी एकाच ठिकाणी असते. मनाचेही तसेच. ते इतक्या त्वरेने फिरते की सारे एकदम चालले आहे असा भास होतो. समोर रसायनशास्त्राचे पुस्तक आणि मांडीवर मोबाइल घेऊन बसलेला आपला विद्यार्थी हेच कोलीत फिरवीत असतो.

'अष्टावधानी' हा शब्द आपण चार कामे एकदम उरकणाऱ्याच्या कौतुकासाठी वापरतो. तेलुगू प्रदेशात आजही होणारा अष्टावधानाचा कार्यक्रम ज्याने पाहिला असेल, त्याला या वापराचे हसू येईल. तेथे आठ पृच्छक असतात. कोणी समस्यापूर्ती मागतो, कोणी अक्षरांचे बंधन घालतो, कोणी मुद्दाम असंबद्ध प्रश्न विचारून चित्त विचलित करतो, कोणी मधूनच वाजवलेल्या घंटेचे ठोके मोजायला लावतो. अवधानी आठही कामे एकाच क्षणी करीत नाही. एकेका पृच्छकाकडे तो पूर्ण वळतो, आपण कोठे थांबलो याची खूण मनात पक्की करतो, आणि मगच पुढच्याकडे जातो. ही खूण ठेवण्याची जागरूकता कित्येक वर्षांच्या साधनेने येते. आपल्या घरातील मोबाइलधारी अष्टावधान्याजवळ ती नसते. त्याला कोठून उठलो हे आठवत नाही आणि परत आल्यावर तीच ओळ तिसऱ्यांदा वाचावी लागते.

आता दुसऱ्या आणि माझ्या मते अधिक घातक अडचणीकडे येऊ. समजा, मोबाइल बाजूला ठेवला. मुलगी मन लावून धडा वाचते आहे. दुसऱ्यांदा वाचते, तिसऱ्यांदा वाचते, पिवळ्या शाईने ओळी रंगवते. प्रत्येक वेळी मजकूर अधिक ओळखीचा वाटतो आणि 'हे मला येते' अशी खात्री वाढत जाते. ही खात्री फसवी असते. रस्त्यात भेटलेला चेहरा ओळखणे वेगळे आणि त्या माणसाचे नाव आठवणे वेगळे. परीक्षेत चेहरा दाखवून नाव विचारतात.

२००६ साली अमेरिकेतील रोडिगर व कार्पिकी या दोघा मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने प्रत्येक पालकाने समजून घेण्यासारखा आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक उतारा देण्यात आला. एका गटाने तो चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा समोर न ठेवता आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता : सुमारे ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा चित्र पालटले. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, लिहून काढणाऱ्यांना ६१. आणखी एक गोष्ट अशी की, आठवडाभराने आपल्याला किती आठवेल याबद्दल अधिक आत्मविश्वास वाचणाऱ्या गटालाच होता! ज्यांना कमी आठवणार होते, त्यांनाच अधिक येते असे वाटत होते. 'पेपर सोपा गेला' म्हणत घरी आलेल्या मुलाचे गुण पाहून अवाक् झालेल्या आईवडिलांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. मुलगा खोटे बोललेला नसतो.

या शोधाने पाश्चात्त्य शिक्षणजगतात बरीच खळबळ उडवली. आपल्याकडे वेदपाठशाळेतील संथा घेण्याची पद्धत पाहिली तर तेथे ही गोष्ट व्यवहारात पूर्वीपासून आहे. गुरू म्हणतात, शिष्य म्हणतो. ग्रंथ समोर नसतो. जे आले नाही ते त्याच क्षणी उघडे पडते आणि स्वर चुकला तर तेथेच अडवले जाते. 'मला येते' या भ्रमाला जागाच नाही. पुढे क्रम, जटा, घन असे पाठ येतात. जटेत पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, पुन्हा पहिले-दुसरे पद. घनपाठात एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन, आणि मग एक पद पुढे सरकून पुन्हा तेच. पदांचा क्रम उलटला की संधी बदलतो, स्वरही बदलतात. हे पाठ संहितेच्या रक्षणासाठी योजले गेले. परंतु त्यांचा आणखी एक परिणाम असा की, पाठकाला जिभेच्या सवयीवर विसंबून पेंगताच येत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात केलेल्या अभ्यासात २१ वैदिक पंडितांच्या मेंदूची तुलना त्याच वयाच्या इतरांशी केली असता स्मरणाशी व भाषेशी संबंधित काही भागांत ठळक फरक आढळले. मात्र हे फरक पाठांतरामुळेच झाले, असे एवढ्या अभ्यासावरून सिद्ध होत नाही. ते सिद्ध झाल्याच्या आविर्भावात भाषणे ठोकणाऱ्या आपल्या उत्साही मित्रांनी जरा हात आखडता घ्यावा.

अर्थात केवळ मुखोद्गत असणे म्हणजे विद्या, असा दावा परंपरेनेही केलेला नाही. अर्थ न जाणता वेद म्हणणाऱ्याला निरुक्तात ओझे वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने घोकंपट्टीला विरोध केला, तो योग्यच आहे. पण त्याचा अर्थ काही शाळांनी पाठांतरच नको असा लावला तर ते नुकसानीचे ठरेल. मनाच्या उजेडात एका वेळी फार थोड्या गोष्टी मावतात. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली ही संख्या सातच्या आसपास सांगितली, पुढच्या संशोधकांनी ती चारच्या जवळ आणली. बीजगणिताचे उदाहरण सोडवताना ज्याला सतराचा पाढा बोटांवर मोजावा लागतो, त्याच्या त्या चार जागांपैकी दोन तेथेच अडकतात आणि उदाहरणाचा धागा सुटतो. पाढे, सूत्रे, शब्दरूपे ही न आठवता आली पाहिजेत, म्हणजे अवधान कठीण भागासाठी मोकळे राहते. आजीने दिवेलागणीला म्हणून घेतलेली पावकी-निमकी ही त्या अर्थाने निव्वळ घोकंपट्टी नव्हती.

न्यायसूत्रांत स्मरणाची सत्तावीस निमित्ते सांगितली आहेत. सादृश्य आहे, विरोध आहे, सुखदुःख आहे, भयसुद्धा आहे. यादीत पहिले स्थान प्रणिधानाला, म्हणजे हेतुपूर्वक मन लावण्याला आहे आणि अभ्यास, म्हणजे आवृत्ती, तिसऱ्या स्थानी आहे. आपण भय वरच्या क्रमांकावर आणून ठेवले, एवढाच फरक!

आवृत्ती केव्हा करावी, हेही महत्त्वाचे. जर्मनीच्या एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून १८८५ साली दाखवले की विसरण्याचा वेग आरंभी सर्वांत अधिक असतो आणि नंतर मंदावतो. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री सलग केलेल्या दहा उजळण्यांपेक्षा त्याच संध्याकाळी एक, दोन दिवसांनी एक आणि आठवड्याने एक, अशा तीन अधिक उपयोगी. झोपेत कपात करून अभ्यास वाढवणे हा तर शुद्ध तोट्याचा व्यवहार आहे.

मग घरात काय करावे? पहिली गोष्ट, 'किती तास बसलास?' हा प्रश्न बंद करावा. तासांचा हिशेब मागितला की मूल तास देते. त्याऐवजी पाऊण तासाने पुस्तक मिटवून 'आता सांग बघू' म्हणावे. मूल अडखळेल, चिडेल. 'मघाशी येत होते' असे म्हणेल. ते अडखळणे म्हणजे अपयश नव्हे. आपल्याला काय येत नाही, हे त्याला नेमके त्याच क्षणी कळते आणि त्यानंतरचे वाचन त्या रिकाम्या जागी जाऊन बसते. वहीच्या कोपऱ्यात, मन भरकटले की एक बारीक रेघ ओढण्याची सवयही लावून पाहावी. शिक्षा म्हणून नव्हे; ध्यान करणारा साधक जसे भरकटलेले मन रागावून न घेता परत आणतो, तसे. पहिल्या दिवशी रेघांचे जंगल होईल. आपण किती वेळा उठून जातो याचाच मुलांना पत्ता नसतो. अशा वेळी शेजारच्या खोलीत वडील मोबाइलवर चित्रफिती पाहत असतील, तर त्यांनीही एक वही घ्यावी.

यासाठी महागडी शिकवणी लागत नाही, आणि पालकाला विषय यावा लागतो असेही नाही. इंग्रजी माध्यमातील नातवंडाचा विज्ञानाचा धडा आजीला कळणार नाही, पण ती पुस्तक मिटून स्वतःजवळ ठेवू शकते आणि 'मला मराठीत समजावून सांग' एवढे नक्की म्हणू शकते. प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय, हे आजीला पटेल अशा शब्दांत सांगताना नातीला जेथे शब्द सापडणार नाही, तेथे तिने पेन्सिलने खूण करावी आणि उद्याचा अभ्यास त्या खुणेपासून सुरू करावा.