दवंडी आणि दस्तऐवज

स्थावर मिळकतीचा व्यवहार हा ओळखीपाळखीचा आणि चारचौघांच्या शब्दावर चालणारा व्यवहार असून, तो मिळकतींच्या संकेतस्थळांवर नेऊन मांडणे म्हणजे घरच्या मुलीची सोयरीक जमविण्यासाठी चव्हाट्यावर दवंडी पिटविण्यासारखे आहे, असे मत जुन्या इस्टेट एजंटांच्या बैठकीत आम्ही वारंवार ऐकतो. ज्यांनी आपल्या कन्यांची स्थळे वधूवरसूचक संकेतस्थळांवरूनच शोधली त्यांनीच हा दृष्टान्त द्यावा, यातील विनोद बाजूस ठेवला तरी, त्यांच्या म्हणण्यात काही तथ्यच नाही असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही; कारण त्या तथ्याचा प्रसाद आम्हांस स्वतःस मिळालेला आहे.

आमच्या भाच्यास बदलापुरात दोन बेडरूमचे घर हवे होते. एका संकेतस्थळावर त्यास मनाजोगे घर दिसले: स्टेशनपासून पाच मिनिटे, चोवीस तास पाणी, आणि छायाचित्रात दिवाणखान्याच्या खिडकीबाहेर डोलणाऱ्या नारळी. फोन लावताच पलीकडून उत्तर आले, "साहेब, तो फ्लॅट कालच गेला बघा. पण पार्टी जेन्युइन असेल तर त्याच बजेटमध्ये दुसरा दाखवतो." दुसरा पाहावयास आम्ही गेलो. स्टेशनवरून रिक्षाने पंचवीस मिनिटे लागली आणि खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची न्हाणीघरे होती. पुढे तीन महिने लोटले तरी 'कालच गेलेला' तो फ्लॅट आपल्या नारळींसह विक्रीस उभाच होता. आणि भाच्याने एकदाच भरून दिलेला फोन नंबर इतक्या एजंटांच्या हाती पडला होता की, त्याच्या वाढदिवशी शुभेच्छांपेक्षा घरांचेच फोन अधिक आले.

एवढे सोसूनही आम्ही संकेतस्थळांची बाजू घेतो, याचे कारण असे की, 'स्टेशनपासून पाच मिनिटे' हे असत्य संकेतस्थळांनी जन्मास घातलेले नाही. नाइंटीनाइन एकर्स २००५ साली आणि मॅजिकब्रिक्स त्याच्या पुढल्या वर्षी सुरू झाले; ती पाच मिनिटे त्यापूर्वी कित्येक वर्षे रविवारच्या वर्तमानपत्रांतील छोट्या जाहिरातींत सुखाने नांदत होती. आणि ज्या तोंडी शब्दाची एवढी थोरवी गायिली जाते, त्याची प्रकृती तरी काय? साइटवरील कचेरीत काचेखालच्या नकाशावर बोट टेकवून 'इथे बाग होणार' असे सांगणाऱ्या गृहस्थाने बोट उचलले की काचेवर काही उरत नाही. बागेच्या जागी पुढे वाहनतळ झाला तर घेणाऱ्याने दाद कोणाकडे आणि कशाच्या आधारे मागावी? संकेतस्थळावरील थाप ही निदान लेखी थाप असते. ती तारखेनिशी घेणाऱ्याच्या फोनमध्ये साठविता येते, वकिलापुढे ठेविता येते, आणि लिहिणाऱ्यास 'मी असे बोललोच नाही' म्हणण्याची सवलत ती ठेवीत नाही. जिला आमचे मित्र दवंडी म्हणून हिणवितात, ती वस्तुतः अर्धा दस्तऐवज असते.

कायद्यानेही तिला तोच मान दिलेला आहे. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ यात जाहिरातीची व्याख्या कोणत्याही माध्यमास सामावून घेणारी आहे. नोंदणीयोग्य प्रकल्पाची नोंदणी झाल्यावाचून त्याची जाहिरात करण्यास कलम ३ मनाई करते. जाहिरातीतील खोट्या कथनावर विसंबून ज्याने पैसे गुंतविले त्यास नुकसानभरपाई, आणि त्यास व्यवहारातून बाहेर पडावयाचे असल्यास सारी रक्कम व्याजासह परत देण्याचे दायित्व कलम १२ प्रवर्तकावर टाकते. आणि कलम १० नुसार, जी सेवा देण्याचा इरादाच नाही तिची जाहिरात प्रसिद्ध होऊ देणे ही एजंटाची अनुचित प्रथा ठरते. 'कालच गेला' ही युक्ती याहून नेमकी कोणी शब्दांत पकडली असेल असे आम्हांस वाटत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने, म्हणजे याच अधिनियमाखालील महाराष्ट्राच्या प्राधिकरणाने, प्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केल्यामुळे तर घेणाऱ्याने फोन धरला की प्रकल्पाची नोंद त्याच्या पुढ्यात उघडते. जुन्या फ्लॅटच्या फेरविक्रीस या अधिनियमाचे छत्र सहसा लाभत नाही हे खरे; परंतु म्हणूनच तेथे लेखी वर्णनाचे मोल अधिक.

आता एजंटांच्या मनातील खरे शल्य निराळेच आहे, व ते क्वचितच उघड बोलले जाते. संकेतस्थळे मालक आणि गिऱ्हाईक यांची परस्पर गाठ घालून देतात व दलालीचे दोन टक्के बुडतात. २०१४ साली निघालेल्या एका कंपनीने तर नोब्रोकर हे नावच धारण करून या भयाचा बिल्ला छातीवर लाविला. येथे आम्ही स्पष्टच बोलतो: मालकाचा फोन नंबर एवढेच ज्याचे भांडवल होते, त्याचा धंदा बसला यात हळहळण्यासारखे काही नाही. ज्यास तीस वर्षांच्या सूची क्रमांक २ चा शोध कसा घ्यावा हे कळते, भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे की नुसतेच 'होऊन जाईल' आहे हे जो साठेखतापूर्वी विचारतो, बोस्टनला राहणाऱ्या मालकाच्या कुलमुखत्यारपत्राचा मसुदा वेळेवर पाहून ठेवितो आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दोन्ही पक्षांस वेळेवर उभे करितो, त्याची जागा कोणत्याही संकेतस्थळाने घेतलेली नाही. किंबहुना तो बोस्टनचा मालक आणि दुबईचा गिऱ्हाईक त्यास गादीवर बसून कधीच भेटले नसते.

या जुन्या पक्षाहूनही आम्हांस अधिक खटकतो तो नवा पक्ष. पैसे भरून यादीत वरचे स्थान मिळविले, महिन्याकाठी अमुक इतक्या 'लीड' आल्या, की विक्री झालीच असे समजणारे बिल्डरांचे तरुण व्यवस्थापक लीडांची मोजदाद अशा थाटात करितात, जणू प्रत्येक लीड इसाराची रक्कम हातात घेऊनच निघाली आहे. वरच्या स्थानाने मजकूर वाचला जातो, एवढेच. वाचण्याजोगा मजकूर तेथे असावा लागतो, ही अट पावतीवर छापलेली नसते.

चिंचवडचे आमचे एक स्नेही, ज्यांच्या टेबलावर संगणकाशेजारी अद्याप लाल कापडी बांधणीची वही असते, त्यांनी एकच फ्लॅट दोन प्रकारे मांडून पाहिला. प्रथम माहितीपत्रकातील चकचकीत चित्रे लाविली. फोन पुष्कळ आले, पाहावयास आलेले दारातूनच परतले. मग त्यांनी ते सारे काढून स्वतः दुपारी चार वाजता फोटो घेतले, त्यांत बेडरूमच्या छतावरील ओलीचा डागही येऊ दिला. 'बिल्टअप'ची मोघम आकडेमोड टाकून कारपेट क्षेत्र लिहिले, सोसायटीचा मासिक देखभाल खर्च लिहिला, आणि 'डागाची दुरुस्ती मालक करून देतील' अशी ओळ घातली. फोन थोडे आले. पण जे आले त्यांनी पहिलाच प्रश्न डागाविषयी केला, म्हणजे मजकूर शेवटपर्यंत वाचला होता. व्यवहार ठरताच, इसारपावतीवर सही होते न होते तोच, त्यांनी संकेतस्थळावरील नोंद काढून टाकली आणि मगच वहीत लाल शाईने रेघ मारली.

भाच्याचे घरही अखेर बदलापुरातच, आणि संकेतस्थळावरूनच मिळाले. वर्णनात लिहिले होते: चौथा मजला, लिफ्ट नाही, स्टेशनपर्यंत चालत अठरा मिनिटे, स्वयंपाकघर पश्चिमेस असल्याने उन्हाळ्यात दुपारनंतर तापते. आम्ही घड्याळ लावून चाललो; आमच्या गुडघ्यांमुळे एकवीस लागली. भाच्याने मात्र दस्त नोंदविण्याच्या आधीच त्या पश्चिमेच्या खिडकीचे माप घेऊन वाळ्याचा पडदा सांगून ठेविला होता.