केकच्या डब्यातला कागद

गेल्या महिन्यात ओळखीच्या एका घरी नातवाच्या वाढदिवसाला जाण्याचा योग आला. केक घरचाच, कुकरमध्ये भाजलेला. आजींनी डबा ताटात उपडा केला, तळाचा कागद अलगद सोलला आणि केकच्या बुडाला मला पुसट काळी अक्षरे दिसली. उलटी, आरशात दिसावीत तशी. तळाला वर्तमानपत्र घातले होते. "डॉक्टर, तुम्हाला तेवढा तळ कापून देते," आजी हसत म्हणाल्या. मला नाही म्हणवले नाही. पण नातवाच्या बशीतला तुकडा तळासकट होता.

आपल्याकडे कित्येक घरांत हीच पद्धत आहे. दिवाळीत रवा, मैदा, तूप बेकरीत नेऊन नानखटाई भाजून आणतात, तेव्हाही पत्र्याच्या ट्रेवर आणि नंतर डब्यात बहुधा रद्दीच असते. माझ्या लहानपणी आमच्या घरीही तेच होते, त्यामुळे मी कोणाला नावे ठेवत नाही. मात्र आता हे थांबवायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ते वर्तमानपत्रातच लिहितो आहे, याची मला कल्पना आहे.

वर्तमानपत्राची शाई रंगासारखी वाळून घट्ट होत नाही. तिच्यातले तेल कागदात मुरते, एवढेच. म्हणून तर सकाळी पेपर वाचून झाल्यावर बोटे काळी होतात. त्यावर तूप लावून १७०-१८० अंशांवर पाऊण तास ठेवले, तर शाईतली रंगद्रव्ये आणि खनिज तेले पदार्थात उतरणारच. शिवाय हा अंक छापखान्यापासून आपल्या दारापर्यंत किती हातांतून आणि किती फरशांवरून येतो! भट्टीत जंतू मरतात हे खरे, पण डब्यात नानखटाईखाली घातलेल्या कागदाला कोण भाजतो?

एका तुकड्याने कोणी आजारी पडणार नाही, उगाच भीती घालायची नाही. प्रश्न रोजच्या सवयीचा आहे, आणि मुले व म्हातारी माणसे यांना अशा द्रव्यांचा धोका अधिक. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ साली याबाबत सूचना काढली. पुढे वेष्टनांसंबंधीच्या २०१८ च्या नियमांनी खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधून देण्यास मनाई केली. ते नियम १ जुलै २०१९ पासून लागू आहेत. वडापाव मात्र अजून बातम्यांतच गुंडाळून मिळतो, ते असो.

मग घालायचे काय? दुकानात 'बटर पेपर' मागितला की दोन वेगळ्या वस्तू मिळू शकतात. एक मेणाचा कागद. तो बर्फी, चिक्की गुंडाळायला ठीक. भट्टीत त्याचे मेण वितळते. दुसरा भाजण्यासाठीचा, सिलिकॉनचा पातळ लेप दिलेला पार्चमेंट कागद. त्याच्या खोक्यावर किती अंशांपर्यंत चालेल ते छापलेले असते; तो आकडा नसेल तर घेऊ नये. वह्यांना घालायचा खाकी कागदही नको, कारण तो बहुधा रद्दीपासूनच बनतो.

डबा कागदावर ठेवून पेन्सिलीने गोल आखावा, रेघेच्या आतून कापावा म्हणजे तळाशी सपाट बसतो. पेन्सिलीची बाजू खाली. डब्याला आधी तुपाचे बोट फिरवले की कागद सरकत नाही. ओव्हनमध्ये कागदाची टोके डब्याबाहेर ठेवू नयेत. तापलेल्या कॉइलला लागून ती पेट घेतात.

आणि कागद नसलाच, तरी काही अडत नाही. डब्याला तूप चोळून चमचाभर मैदा भुरभुरावा, डबा फिरवून उरलेला झटकून टाकावा. केक सुटतो. आपली पानगी तर पिढ्यान्पिढ्या केळीच्या पानावरच होत आली आहे.

परवा आजींकडे पार्चमेंट कागदाची एक गुंडाळी नेऊन दिली. रद्दीचे काय करू, असे त्यांनी विचारले. म्हटले, ओट्यावर अंथरा आणि गरम डबा त्यावर ठेवा. तेवढ्याला चालते.