फाइलीतली एक ओळ

नागपुरात ऊन तापलं की मुतखड्याचे पेशंट वाढतात. दोन वर्षांपूर्वी मामांची सोनोग्राफी झाली तीही त्यासाठीच. खडा पडला, फाइल कपाटात गेली. गेल्या महिन्यात दुसरा कागद शोधताना मी ती उघडली. मूत्रपिंड, पित्ताशय, प्रोस्टेट आणि अगदी खाली: महाधमनी ४.१ सेंटिमीटर. ही ओळ आम्हाला कुणी समजावली नव्हती, आम्हीही विचारलं नव्हतं. त्याची रुखरुख अजून जात नाही.

पोटात कण्याला लागून उतरणारी ही मुख्य रक्तवाहिनी साधारण २ सेंटिमीटर रुंद असते. ३ झाली की तिला फुगा आला असं धरतात. डॉक्टर त्याला ॲन्युरिझम म्हणतात. तो बहुधा दुखत नाही. फुटला, तर बहुतेक जण वाचत नाहीत. आइनस्टाइन १९५५ मध्ये यानंच गेले. १९४८ साली सर्जन रुडॉल्फ निसेन यांनी त्यांच्या धमनीला सेलोफेन गुंडाळलं होतं. आज जांघेतल्या धमनीतून स्टेंट-ग्राफ्ट नेऊन बसवता येतो. पुरुषांत साधारण ५.५ आणि बायकांत ५ सेंटिमीटरला ऑपरेशनचा विचार होतो. तोवर ठरल्या वेळी माप घ्यायचं, रक्तदाब सांभाळायचा, बिडी-सिगारेट सोडायची.

ब्रिटनमध्ये ६५ व्या वर्षी पुरुषांना या एका तपासणीसाठी बोलावणं जातं. आपल्याकडे तशी सोय नाही. पण प्रोस्टेटसाठी, खड्यासाठी आपले म्हातारे सोनोग्राफीच्या टेबलावर झोपतातच. पोटाला जेल लागलेलंच असतं, प्रोब बेंबीच्या वर फिरवायला दोन मिनिटं पुरतात. तेव्हा डॉक्टरांकडून चिठ्ठीवर ‘महाधमनीचं माप’ लिहून घ्या. घरातले जुने रिपोर्टही आजच काढून बघा.

आणखी एक. साठी उलटलेल्या, बिडी ओढणाऱ्या माणसाच्या कुशीत किंवा कंबरेत अचानक जबर कळ आली, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ‘खडाच असेल’ म्हणून गोळी देऊन बसू नका. फुटलेला फुगा हुबेहूब खड्यासारखा दुखू शकतो. १०८ ला फोन करा.

मामा पुन्हा तपासणीला तयारच नव्हते. “काही दुखत नाही न बाप्पा, मंग कायले जायचं?” शेवटी मामींनी रिक्षा बोलावली. माप ४.६ निघालं. चाळीस वर्षांची बिडी आता दिवसाला दोनवर आली आहे, त्या दोनसाठीही भांडण चालू आहे. पुढच्या सोनोग्राफीच्या तारखेला मामींनी कालनिर्णयवर लाल पेनानं गोल केलाय.