पार्किन्सनमधलं दुखणं: सोसू नका, वहीत लिहा

रात्री दोन वाजता आजोबा उठून पाय चोळत बसतात. आपण म्हणतो, ‘वय झालं, पाय दुखायचेच.’ घरात पार्किन्सनचे रुग्ण असतील तर असं म्हणून सोडून देऊ नका. हाताची थरथर सगळ्यांना दिसते, दुखणं मात्र सांगितल्याशिवाय कळत नाही. आणि त्यावर उपाय आहेत.

दुखणं ओळखा
तळपायाची आग, मुंग्या, टाचण्या टोचल्यासारखं वाटणं, बधिरपणा किंवा कमरेतून पायात उतरणारी विजेसारखी कळ, ही नसांच्या दुखण्याची लक्षणं. पहाटे पायाची बोटं आत वळून पेटके येत असतील, तर बऱ्याचदा रात्रीच्या औषधाचा असर ओसरलेला असतो.

वही ठेवा
आठवडाभर लिहा: कुठे दुखलं, किती वाजता, लेव्होडोपाची गोळी कधी घेतली, जेवण कधी झालं. गोळीनंतर आराम पडत असेल, तर डॉक्टर डोस किंवा वेळ बदलून फरक पाडू शकतात. गोळी मनाने वाढवू नका आणि एकदम बंद तर मुळीच करू नका.

तपासणीबद्दल विचारा
बरीच वर्षं लेव्होडोपा घेणाऱ्यांमध्ये ‘बी १२’ जीवनसत्त्व कमी झालेलं आढळतं. शुद्ध शाकाहारी आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी जास्त जपावं. ‘बी १२’ची कमतरता आणि मधुमेह, दोन्हींमुळे नसा दुखावतात. साध्या रक्ततपासणीत हे कळतं.

औषध विचारूनच
नसांच्या दुखण्यावर डॉक्टर प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिन देतात. त्याने गुंगी, चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री उठताना आधार द्या. रासाजिलिन किंवा सेलेजिलिन चालू असेल, तर ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळी घातक ठरू शकते. शेजाऱ्यांना लागू पडलेली गोळी घरी आणू नका.

घरी एवढं करा
बधिर पायाला चटका कळत नाही, तेव्हा गरम पाण्याची पिशवी टाळा. तळपाय रोज पाहा, घरातही न घसरणारी चप्पल घाला. रोज थोडं चालणं आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले ताण देण्याचे व्यायाम चुकवू नका.

पायातली ताकद अचानक गेली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर थेट रुग्णालय गाठा.

पुढच्या भेटीला फाइलसोबत ती वहीही न्या. आजोबा डॉक्टरांसमोर ‘बरं आहे’ म्हणतील, पण वही खरं सांगेल.